दोन चोर आणि वीस मिनिटं

घड्याळ वीस मिनिटांवरून उलटं पळू लागतं. घरात आठ वर्षांचा मुलगा, दोन चोर आणि इकडेतिकडे पडलेल्या काही वस्तू. मुलाकडे बंदूक नाही, काठीही नाही. त्याच्या नावावर तीन जीव जमा नाहीत, हळूहळू रिकामी होणारी ताकदीची पट्टीही नाही. दोघांपैकी एकाचा हात लागला की खेळ संपला. पुन्हा पहिल्या मिनिटापासून सुरुवात. पोलिस येणार हे नक्की, पण वीस मिनिटांनी.

हा खेळ म्हणजे निन्टेंडोच्या जुन्या आठ-बिट यंत्रासाठी १९९१ साली आलेला 'होम अलोन'. ख्रिस कोलंबस यांचा त्याच नावाचा सिनेमा आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात लागला होता आणि त्याने जगभरातून पैशांच्या राशी गोळा केल्या होत्या. त्यामुळे त्यावर खेळ निघणार हे ठरलेलंच होतं. टीएचक्यू या कंपनीने एकाच नावाचे, पण एकमेकांशी फारसा संबंध नसलेले खेळ वेगवेगळ्या स्टुडिओंकडून बनवून घेतले. आठ-बिट आवृत्ती बेथेस्डा सॉफ्टवर्क्सने केली. हीच बेथेस्डा पुढे 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेमुळे आणि विशेषतः २०११ च्या 'स्कायरिम'मुळे जगप्रसिद्ध झाली. त्या 'स्कायरिम'मध्ये दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घातली की त्याला दिसेनासं होतं आणि त्याच्यासमोर त्याचं दुकान लुटता येतं. खेळणाऱ्यांनी शोधून काढलेली ही युक्ती कमालीची लोकप्रिय झाली. ज्या घराण्यात मुलाला घर राखायला बसवलं होतं, त्याच घराण्यात वीस वर्षांनी खेळाडू चोर झाला. या बाजूबदलाकडे मी पुढे येणारच आहे, कारण त्याचा एक धागा थेट बंगळुरूत येऊन पोचतो.

सोळा-बिट सुपर निन्टेंडोसाठीचा 'होम अलोन' न्यू जर्सीच्या इमॅजिनिअरिंग या स्टुडिओचा. त्यात तो मुलगा, केव्हिन, घरातल्या मौल्यवान वस्तू गोळा करून कपडे टाकायच्या घसरगुंडीतून तळघरात सोडतो, आणि मग तळघरात उंदीर, वटवाघळं, भुतं यांच्याशी झुंजतो. भुतं कुठून आली, हे विचारायचं नाही. सेगाची १९९२ ची आवृत्ती मात्र डोकेबाज आहे: एक घर नाही, अख्खी आळी. चोरांची गाडी एकेका घरापाशी थांबते, केव्हिन बर्फावरून घसरगाडीने तिथे पोचतो, सापळे लावतो, सापडलेल्या वस्तू जोडून हत्यारं बनवतो. चोरांच्या वेदनेची पट्टी भरली की ते तिथून पळ काढतात. उलट त्यांची लूट पूर्ण झाली की घरात पाणी सोडून जातात. सोप्या पातळीवर वीस मिनिटं तग धरायची, अवघडवर चाळीस.

तरीही बोलायचं आहे ते त्या पहिल्या, गरीब आवृत्तीबद्दल. तिची चेष्टा पुष्कळ झाली. जुन्या खेळांवर तोंडसुख घेणाऱ्या 'अँग्री व्हिडिओ गेम नर्ड' या कार्यक्रमात तर २०१८ च्या डिसेंबरात खुद्द मकॉले कल्किन आला आणि लहानपणी आपणच साकारलेल्या केव्हिनच्या नावावर निघालेले खेळ खेळत बसला. चेष्टा व्हावी इतकी अवकळा त्या खेळाला आहेच. चित्रं ओबडधोबड, घर एका बाजूने कापून उघडं केल्यासारखं, आणि करायला एकच गोष्ट: पळणं. पण नियम इतके उघडे आहेत की त्यातून पळण्याचं शास्त्र स्वच्छ दिसतं. श्रीमंत खेळांमध्ये ते सजावटीखाली बुजून जातं.

नवखा खेळाडू काय करतो? दिसेल ती वस्तू उचलतो, एका वेळी तीनच नेता येतात हे कळल्यावर चिडतो, आणि पहिला चोर दिसताच तिन्ही त्याच्या वाटेत टाकून मोकळा होतो. चोर पाय देतो, आडवा होतो, काही सेकंदांनी उठतो. तेवढ्यात दुसरा समोरून येतो, हात रिकामे, जिना चोराच्या मागे. खलास.

सिनेमाने आपल्याला वेगळंच शिकवलेलं असतं. तिथे रंगाचे डबे दोरीला बांधून जिन्यावरून सुटतात, दाराची मूठ तापून लाल होते, जो पेशी आणि डॅनियल स्टर्न यांचे चोर, हॅरी आणि मार्व्ह, किंचाळतात आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. सापळा म्हणजे शिक्षा. आपल्याकडचं बालसाहित्यही याच बाजूचं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चोरांपासून लपत नाही, त्यांच्या मागे लागतो आणि त्यांना पकडून देतो. खेळात मात्र शिक्षेला किंमत नाही. चोराला कितीदा पाडलं याने घड्याळ एका सेकंदानेही लवकर सरकत नाही. सापळ्याचं काम चोराला दुखावणं हे नाहीच. दोन चोरांचा काही सेकंदांपुरता एक चोर करणं, एवढंच त्याचं काम. हे ज्याला उमगलं तो पंधरा मिनिटांपलीकडे जातो.

हे का, याचं उत्तर गणितात आहे, आणि ते गंमतीचं आहे. रिचर्ड राडो यांनी एक कोडं घातलं होतं: गोल रिंगणात एक माणूस आणि एक सिंह. दोघांचा कमाल वेग सारखा, दोघंही न थकणारे. सिंह माणसाला धरेल का? बरीच वर्षं समजूत अशी की धरेल. कडेला चिकटून पळणाऱ्या माणसाला सिंह आतल्या अंगाने गाठतोच. मग केंब्रिजचे बेसिकोविच यांनी दाखवलं की माणसाने कडेला चिकटण्याचा मोह सोडला आणि सिंहाच्या रोखाला काटकोन साधत नागमोडी तुकड्यांनी पळत राहिलं, तर सिंह हवा तितका जवळ येईल, पण स्पर्श कधीच होणार नाही. जे. ई. लिटलवुड यांनी १९५३ च्या आपल्या पुस्तकात ही हकीगत मोठ्या चवीने सांगितली आहे. पण रिंगणात दुसरा सिंह सोडला की माणसाची हुशारी संपते. दोघं मिळून त्याला धरतातच.

घर म्हणजे मोकळं रिंगण नव्हे. खोल्या आणि त्यांना जोडणारी दारं. तिथे लागू पडतो तो आलेखशास्त्रातला 'पोलिस आणि चोर' हा खेळ. त्यात पाळीपाळीने एकेक घर सरकायचं असतं, आणि पळतो तो चोर. आपल्याकडे पळणारा घरमालकाचा मुलगा आहे; गणिताला त्याचं काही नाही. ज्या घरात एका खोलीतून दुसरीत जायची एकच वाट असते, झाडाच्या फांद्यांसारखी, तिथे पाठलाग करणारा एकटाही पुरतो. पळणारा शेवटी एखाद्या फांदीच्या टोकाला जाऊन अडकतो. पण घरात चार किंवा जास्त खोल्यांचं एक वर्तुळ असेल, म्हणजे स्वयंपाकघरातून मागच्या जिन्याने वर आणि पुढच्या जिन्याने खाली बैठकीत असं फिरता येत असेल, तर एकटा पाठलाग करणारा जन्मभर फिरत राहील. दोघं आले तर तेच वर्तुळ दोन्ही टोकांनी आवळलं जातं. आयग्नर आणि फ्रोमे या गणितज्ञांनी १९८४ मध्ये सिद्ध केलं की रेघा एकमेकींना न छेदता कागदावर काढता येईल असा कुठलाही नकाशा घ्या, तीन पोलिस नेहमी पुरतात. तिसरा चोर त्या सिनेमात नाही हे केव्हिनचं नशीब.

आता खेळाकडे परत या. तुम्ही वर्तुळावर आहात, मागे हॅरी, पुढून मार्व्ह येणार. मागच्याच्या वाटेत सापळा टाकण्याचा मोह होतो, कारण तो दिसत असतो. पण मागच्यापासून पळता येतंच. वाट अडवणार आहे तो पुढचा. सापळा लावायचा तो वर्तुळाच्या त्या भागात, जिथून पुढचा येईल. तो पडला की काही सेकंद तुम्ही आणि एकटा हॅरी, आणि वर्तुळावर एकट्याचं काही चालत नाही. त्याहून बरा उपाय म्हणजे दोघांना एकाच बाजूला आणणं. दोघंही तुमच्या मागे, एकाच दिशेने, एकमेकांच्या पायात पाय घालत येत असतील तर गणिताच्या दृष्टीने ते दोन नाहीतच, एकच लांबट चोर आहे. पॅक-मॅन खेळणाऱ्यांना हे जुनंच ठाऊक आहे: चार भुतं मागे रांगेत असताना माणूस निर्धास्त असतो, चार कोपऱ्यांत असताना नाही. म्हणून उरलेला सापळा हातात ठेवायचा आणि पळता पळता मोजत राहायचं: मागून दोघांचे पाय दिसताहेत का? एकाचेच दिसले की समजायचं, दुसरा वळसा घेतोय. सापळा खर्च करायची वेळ ती.

एक टोक बंद असलेली खोली कितीही सुरक्षित वाटली तरी तिथे जायचं नाही. लपून बसण्याची माणसाला जी उपजत ओढ असते, तीच इथे घात करते.

बंगळुरूत राहून हे सगळं वाचताना मला पहिल्यांदा आठवलं ते इथलं 'थर्टी-फोर्टी'. तीस फूट बाय चाळीस फुटांची जागा, जिला इथे सगळे 'साइट' म्हणतात. तळमजल्यावर मालक, वर भाडेकरू, त्याच्यावर आणखी भाडेकरू, आणि इमारतीला बाहेरून चिकटलेला एक अरुंद जिना थेट गच्चीपर्यंत. खिडक्यांना गज, दाराला गजाचं दुसरं दार. नोकरीसाठी आलेल्या मराठी पोरांचा पहिला पत्ता बहुधा असल्याच जिन्यावर असतो. आलेखशास्त्राच्या भाषेत हे घर शुद्ध झाड आहे: एक खोड, वर फांद्या, वर्तुळ कुठेच नाही. दोन शयनगृहांच्या फ्लॅटमध्ये तर विचारायलाच नको. एक मुख्य दार, एक बोळ, त्याच्या दोन्ही बाजूंना बंद टोकाच्या खोल्या. केव्हिनला बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये ठेवलं असतं तर सिनेमा दहा मिनिटांत संपला असता, आणि वाईट संपला असता.

जुन्या घरांची गोष्ट वेगळी होती. मल्लेश्वरम किंवा बसवनगुडीत अजून तग धरून असलेले, खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांच्या टोकदार टोप्या घातलेले बंगले बघा: पुढे व्हरांडा, मागे परस, आणि दोन्हींना जोडणारी बाजूची वाट. आपल्याकडच्या वाड्याचंही तेच. दिंडीतून चौक, चौकातून ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, मागच्या दाराने परसातून बोळात, बोळातून पुन्हा दिंडीत. बालपणी लपंडाव खेळलेल्या प्रत्येकाला हे वर्तुळ पायांनी पाठ असतं. गडांवरही एका महादरवाजावर कुणी विसंबलं नाही. राजगडाला गुंजवण्याकडून पद्मावती माचीवर चढणारे आजचे ट्रेकरदेखील चोरदरवाजातूनच आत शिरतात. ज्याला एकच तोंड आहे तो किल्ला आतल्या माणसांसाठी सापळाच असतो, हे त्या बांधणाऱ्यांना आलेखशास्त्र न शिकता कळलेलं होतं.

फ्लॅटने वर्तुळ काढून घेतलं, तेव्हा बचाव घराबाहेर सरकला. फाटकावरचा सुरक्षारक्षक, त्याची वही, आणि मग त्या वहीचं ॲप. कुरिअरवाला, कामवाली, पाहुणा यांची नोंद ठेवून रहिवाशाला फोनवर 'आत सोडू का?' विचारणारं मायगेट २०१६ मध्ये याच शहरात सुरू झालं. संस्थापकांपैकी विजय अरिसेट्टी हे हवाई दलातून आलेले. चोर आत आल्यावर काय करायचं, हा प्रश्नच त्यात नाही. तो आत येणार नाही, एवढंच गृहीत. आणि आलाच तर ११२ लावायचं आणि पोलिसांच्या 'होयसळ' गाडीची वाट बघायची. घरात शिरलेल्याला रंगाच्या डब्याने धडा शिकवायला जाऊ नये हे मुलांना वेगळं सांगायला हवं. सिनेमातल्या चोरांना जे सोसतं ते खऱ्या कवटीला सोसत नाही, आणि पळायची वाट असेल तर तीच पहिली.

आता बाजूबदल. बंगळुरूत राजेश राव यांनी १९९७ मध्ये ध्रुव इंटरॅक्टिव्ह सुरू केली. भारतातल्या अगदी पहिल्या गेम कंपन्यांपैकी ही एक. मोठ्या परदेशी खेळांसाठी गाड्या, इमारती, झाडं, भिंती बनवून देणं हे तिचं मुख्य काम. 'फोर्झा होरायझन' आणि 'सी ऑफ थीव्ह्ज' यांसारख्या खेळांमध्ये तिचा हात आहे. २०१७ मध्ये स्वीडनच्या स्टारब्रीझने ध्रुव विकत घेतली. स्टारब्रीझचा पोट भरणारा खेळ कोणता? 'पेडे २'. मुखवटे घातलेले चार दरोडेखोर बँक फोडतात, आणि खेळाडू त्या चौघांपैकी एक असतो. पुढे स्टारब्रीझच आर्थिक अडचणीत सापडली आणि २०१९ मध्ये ध्रुव रॉकस्टार गेम्सकडे गेली. रॉकस्टारची स्वतःची शाखा बंगळुरूत आधीपासून होतीच. रॉकस्टार म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो'. चोरी तर नावातच आहे. एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना ध्रुव दरोडेखोरांच्या खेळातून गाडीचोरांच्या खेळात गेली, असं म्हटलं तर ते अन्यायाचं होईल, पण खोटं नाही.

यात नाक मुरडण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. लक्ष वेधतं ते हे की बाजू बदलली तरी खेळाचा सांगाडा बदलला नाही. 'पेडे २'मध्ये तिजोरीला ड्रिल लावायचं आणि ते काम पूर्ण होईपर्यंत थांबायचं. ड्रिल मध्येच अडकतं. पोलिसांच्या गोळ्या चुकवत जाऊन ते पुन्हा चालू करावं लागतं. म्हणजे पुन्हा घड्याळ, पुन्हा तग. फक्त केव्हिन पोलिसांची वाट बघत होता आणि हे चौघं पोलिसांना थोपवत असतात. गुपचूप दरोडा घालायचा असेल तर आणखी एक नियम: पहारेकऱ्याला गप्प केलं की त्याचा पेजर वाजतो आणि त्याच्या वतीने उत्तर द्यावं लागतं. अशी चारच उत्तरं चालतात, पाचव्याला धोक्याची घंटा. केव्हिनला तीन वस्तू, दरोडेखोराला चार उत्तरं. दोघांनाही जास्त दिलं असतं तर दोन्ही खेळ पाच मिनिटांत कंटाळवाणे झाले असते. टंचाई हेच या खेळांचं भांडवल.

आपल्याकडे मात्र नव्वदच्या दशकात 'होम अलोन' फारसा कुणी खेळला नसावा, आणि त्याचं कारण पिनांमध्ये आहे. अमेरिकी निन्टेंडोच्या कार्ट्रिजला ७२ पिना, जपानी फॅमिकॉमला ६०. आपल्या घरांत आलेली लिटल मास्टर आणि पुढची बिननावाची यंत्रं बहुतेक फॅमिकॉमच्या नकला. सुट्टीत तासाच्या भाड्याने मिळणारा 'टीव्ही गेम' तो हाच. त्याची 'कॅसेट' म्हणजे पिवळं प्लॅस्टिक, मागे फुंकर मारायची, आणि लावली की शेकडो खेळांची यादी. त्यातले मोजके वेगळे, बाकी तेच पुन्हा. मारिओ, काँट्रा, रणगाडे, बदकं. आणि त्या यादीत बऱ्याचदा एक उंदीरही असायचा.

एसपी रोडवर, म्हणजे सदर पत्रप्पा रस्त्यावर, केबल, मदरबोर्ड आणि सोल्डरिंगच्या वासातून चालत गेलात तर तो उंदीर अजून भेटतो. तळहातावर मावणारं, गेमबॉयच्या आकाराचं चिनी यंत्र, आत चारशे खेळ. टीव्हीला जोडायची वायर सोबत. गांधीनगरच्या नॅशनल मार्केटच्या गल्ल्यांतही असला माल फिरतो. महाराष्ट्र मंडळाची वास्तू तिथून फार लांब नाही, त्यामुळे गणपतीच्या कार्यक्रमाला मुलांना घेऊन जाणाऱ्या आईबापांना हा वळसा परवडतो. घेताना दुकानातच चालू करून यादी बघून घ्या, कारण खोक्यावर छापलेला आकडा आणि आतले वेगळे खेळ यांचा मेळ क्वचितच बसतो. 'मॅपी', म्हणजे तो उंदीर, आहे का ते तपासा.

मॅपी हा नॅमकोचा १९८३ चा खेळ. फॅमिकॉमवर पुढच्या वर्षी आला. नाव मूळचं नॅमकोच्याच एका यंत्र-उंदराचं, चक्रव्यूहातून स्वतःची वाट स्वतः शोधणाऱ्या छोट्या रोबोचं. खेळात मॅपी पोलिस आहे आणि मांजरांच्या हवेलीत शिरून चोरीचा माल परत आणतो: रेडिओ-कॅसेट, टीव्ही, संगणक, मोनालिसा, तिजोरी. प्रत्येक वस्तूच्या दोन जोड्या. घरफोडीचाच खेळ, पण उलटा. चोरांच्या घरात पोलिस एकटा आणि चोर अनेक. गणितानुसार तो वाचायलाच नको. म्हणून रचनाकारांनी मजल्यांच्या मधल्या पोकळीत कापडी झुले ताणून ठेवले. मॅपी झुल्यावर उड्या मारत असताना मांजर शेजारून गेलं तरी काही बिघडत नाही. हवेली म्हणजे उभ्या सुरक्षित पट्ट्या आणि आडव्या धोक्याच्या पट्ट्या यांची जाळी. फक्त सलग उड्या मारत बसलं की झुल्याचा रंग हिरव्याचा निळा, मग पिवळा, मग लाल होतो, आणि त्यापुढे तो फाटतो. कुठल्याही मजल्यावर पाय टेकला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. इथेही लपून बसायला बंदी आहे, फक्त जरा सभ्यपणे घातलेली.

हत्यार म्हणाल तर दारं. उघडताना दार मांजराच्या तोंडावर आपटलं की ते काही क्षण भोवंडतं. चमकणाऱ्या दारातून लहर निघते आणि समोर येईल त्याला घेऊन पडद्याबाहेर जाते. चांगले खेळाडू ते दार लगेच उघडत नाहीत. खालवर उड्या मारत ते मांजरांना आपल्याच मजल्यावर, एकाच बाजूला ओढून आणतात, आणि तीन-चार रांगेत आली की मग बटण दाबतात. मालही मिळेल तसा उचलायचा नसतो. रेडिओ घेतला की दुसरा रेडिओच घ्यायचा, मग टीव्हीची जोडी. ओळीने जोड्या लागल्या तर गुण दुप्पट, तिप्पट करत सहापटीपर्यंत चढतात. म्हणजे जवळची वस्तू सोडून लांबच्या वस्तूसाठी अख्खी हवेली ओलांडायची, मांजरं मागे असताना. त्यांचा म्होरक्या, लठ्ठ गोरो, मधूनच एखाद्या वस्तूमागे दडून बसतो. घाबरून वळू नका. तो मागे दडलेला असतानाच ती वस्तू उचलली तर हजार गुण वरकड मिळतात.